खडू गावाचा, फडकं कुणाचं?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्यावर बेरजा शिकलेली काही पोरं आता आजोबा झाली आहेत आणि नातवंडांच्या बेरजा चुकल्या की तीच कपाळाला हात लावतात, एवढ्यावरून काय ते समजा. मूळचा मी काळा कुळकुळीत. आता अंगाला भुरकटपणा आलाय, एका कोपऱ्याचे पोपडे निघालेत आणि मधोमध एक चीर गेली आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे. तुम्ही म्हणाल, फळ्याला कसला आवाज? अहो, माझ्यावर चार ओळी लिहिल्या की अख्खं सावरदरा बोलायला लागतं. तोच माझा आवाज!

सावरदरा हे आमचं गाव. मिरजगावच्या हायवेवरून आत वळलं की बाभळींतून एक रस्ता येतो आणि थेट आमच्या दूध केंद्रापाशी येऊन थांबतो. त्या केंद्राच्या भिंतीवर, दूध मापायच्या खिडकीला लागून, मी टांगलेला आहे. सकाळ-संध्याकाळ गाव किटल्या घेऊन माझ्यासमोर रांगेत उभं असतं. त्यामुळे जगात काय चाललंय हे कळायला मला कुठं जावं लागत नाही.

माझा जन्म इब्राहिम मिस्त्रींच्या हातचा. शाळेच्या आवारातला मोठा लिंब वादळात पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या फळ्या पाडल्या. लिंबाचं लाकूड कडू, त्याला वाळवी तोंड लावत नाही. तीन फळ्या सांधून त्यांनी मला घडवलं. एक हातभर तुकडा उरला, तो "कवातरी कामाला यील" म्हणत त्यांनी घरी माळ्यावर टाकला. तो माझा सख्खा भाऊ. त्याला विसरू नका, तो पुढे येणार आहे.

मला काळं केलं ते शाळेतल्या पोरांनी. घरोघरचे बॅटरीचे संपलेले सेल त्यांनी गोळा केले, दगडाने फोडले, आतली काळी पूड काढली. त्यात कोळसा कुटून घातला आणि वालाच्या पाल्याने मला घासघास घासलं. पोरांचे हात, तोंडं, सदरे सगळं काळं झालं. घरी गेल्यावर त्यांना मार बसला असेल, पण मी मात्र असा चमकलो की आप्पासाहेब गुरुजी दोन पावलं मागे सरून म्हणाले, "वा! फळा असावा तर असा." ते ऐकून मी जो फुगलो तो अजून पुरता ओसरलेलो नाही.

मग किती वर्षं मी शाळेत काढली! रोज सकाळी गुरुजी माझ्या कपाळावर सुविचार लिहीत. 'नेहमी खरे बोलावे' हा त्यांचा लाडका. तो लिहून होईपर्यंत मागच्या बाकावर कुणीतरी कुणाचा तरी डबा खाल्लेला असे आणि विचारलं की सगळे साळसूद. मला हसू येई. पुढे शाळेत भिंतीवर लावायचा मोठा पडदा आला. चित्रं हलतात, गाणी वाजतात, खडूची धूळ नाही. माझी रवानगी शाळेमागे सरपणाच्या ढिगावर झाली. मित्रांनो, ते दिवस वाईट होते. शेळ्या माझ्या कडेला अंग घासत, एक कोंबडी माझ्यावर रोज अंडं घालून ओरडत असे. मला वाटलं, आता एखाद्या थंडीत शेकोटीत जायचं आणि संपायचं.

मला वाचवलं ते एका सहलीने. आमच्या गावची मंडळी टेम्पो भरून हिवरे बाजारला गेली. पाण्याचं काम बघायला म्हणून गेली आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आली. गावाचा कारभार उघडा हवा! ग्रामसभेत ठरलं, की पाण्याचं, पाइपलाइनचं, रस्त्याचं जे काही ठरेल ते संध्याकाळच्या दुधाआधी फळ्यावर लिहायचं. कारण दुधाला सगळेच येतात. शिवाय कुणाला काही विचारायचं असेल, तर त्यानेही यावं आणि लिहावं. फळा कुठाय, अशी शोधाशोध झाली. इब्राहिम मिस्त्री स्वतः ढिगाकडे आले, मला उचललं, पदरचं तेल लावलं आणि या भिंतीवर चढवलं. खाली पत्र्याच्या डब्यात खडू ठेवले. खिळ्याला पुसायचं फडकं अडकवलं. खडू गावाचा, फळा गावाचा, फडकंही गावाचं. मी पुन्हा फुगलो!

आणि एका संध्याकाळी रांगेतल्या माणसांनी माझ्यावर वाचलं: 'ओढ्यापलीकडच्या पाइपलाइनचा पाइप कागदावर चार इंची. जमिनीत अडीच इंची. उकरून बघा.' खाली सही: जागल्या.

जागल्या म्हणजे पूर्वी गाव झोपल्यावर जागा राहून राखण करणारा माणूस. गावाने उकरून बघितलं. खरंच अडीच इंची! ठेकेदाराला सगळा पाइप काढून नवा घालावा लागला. त्या दिवशी माझ्यासमोर पेढे वाटले गेले. एक पेढा कुणीतरी माझ्या चौकटीवरही ठेवला, तो मुंग्यांनी खाल्ला. जागल्या कोण हे कुणालाच कळेना. पण 'असा माणूस गावात पाहिजे' असं जो तो म्हणे, आणि मलाही तसंच वाटे. आजही वाटतं.

जागल्या कोण, हे मला मात्र ठाऊक होतं. ज्याचा हात आपल्या अंगावरून फिरतो, त्याला आपण ओळखणार नाही का? तो रतनबाईंचा भागवत. केंद्राशेजारी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोरगा हुशार, बोलायला फर्डा आणि डावखुरा. लहानपणापासून त्याची तीच तऱ्हा. डाव्या हाताने लिहिताना मागची अक्षरं बाहीने पुसत जायची. त्याच्यासोबत आणखी दोघं. केंद्रात दुधाची फॅट काढणारा, म्हणजे स्निग्धांश मोजून भाव लावणारा, सूर्यभान आणि दुधाचा टेम्पो मिरजगावला नेणारा कानिफनाथ. दुपारी केंद्र बंद असे, तेव्हा हे तिघे माझ्यासमोर जमत. पाइपचं गाजलं तेव्हा त्यांनी मंडळ काढलं. नाव ठेवलं जागल्या मंडळ. घोषवाक्य ठरलं: 'गावापासून काही लपवायचं नाही!'

आणि त्याच बैठकीत भागवतने कागदाच्या पुडीतून बेल आणि भंडारा काढला.

"उचला," तो म्हणाला. "मंडळातलं बाहेर सांगायचं न्हाई. आपली नावं, बातमी कुनी आनली, काय लिवायचं, काय न्हाई, सगळं आपल्यातच. मेलो तरी."

तिघांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. गावापासून काही लपवायचं नाही, असं म्हणणाऱ्यांची ही पहिली गुप्त शपथ. मला हात असता, तर मी तेव्हाच कपाळावर मारून घेतला असता!

दुसऱ्या दिवशी माझं फडकं गायब झालं. लोकांनी शोधलं, मिळालं नाही. नवं लावलं, तेही गेलं. गावाला वाटलं, वारा नेतो. वारा कसला! ते सूर्यभानच्या खिडकीत, फॅट काढायच्या रिकाम्या बाटल्यांच्या मागे, घडी घालून ठेवलेलं असे. खडू गावाचाच राहिला, पण फडकं मंडळाचं झालं. मित्रांनो, यातली मेख तुमच्या लक्षात आली का? लिहिणाऱ्यापेक्षा पुसणारा मोठा असतो. एकदा मुमताजने माझ्यावर लिहिलं, 'टेम्पो रोज उशिरा येतो, उन्हाने दूध नासतं, याचं काय?' मुमताज ही इब्राहिम मिस्त्रींची मुलगी. दोन म्हशींवर घर चालवते. तिचा प्रश्न रास्त होता. पण संध्याकाळची रांग लागायच्या आत तो पुसला गेला. कारण टेम्पो कानिफनाथचा आणि कानिफनाथ मंडळाचा.

मग पाइप संपले, रस्ते संपले आणि मंडळाला रोज काहीतरी लिहायची चटक लागली. वैजनाथ केसांना कलप लावतो. सरपंचाच्या घरी पाहुणे आले होते, पण मुलगी न बघताच गेले. कुणाची सून माहेरी गेली, ती का गेली. कानिफनाथने चार गावांतून वेचून आणायचं, सूर्यभानने खिडकीतून ऐकायचं आणि भागवतने लिहायचं. संध्याकाळी हाच भागवत किटली घेऊन रांगेत उभा राही, माझ्याकडे बघे, चष्मा वर करी आणि म्हणे, "आरारा! कुनी लिवलं असंल हे?" त्याचं ते नाटक बघून माझ्या पोपड्यांना गुदगुल्या होत. पण रांगेतलं बोलणं कमी होत गेलं, ते मला आवडत नव्हतं. पूर्वी बायका दूध घालून झाल्यावरही तासभर बोलत बसत. आता फॅट ऐकायची, किटली उचलायची, चालू पडायचं. न जाणो, काय बोललं आणि उद्या फळ्यावर आलं तर!

आता मी ज्या संध्याकाळसाठी हे सगळं सांगतोय, तिच्याकडे येतो.

इब्राहिम मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तरी ते रोज संध्याकाळी नातीच्या खांद्यावर हात ठेवून केंद्रावर येतात. नात म्हणजे मुमताजची विशीतली तमन्ना. बुटकीशी, पण चालणं असं की मोठी किटली हातात असूनही ती मागे पडत नाही. आले की मिस्त्री माझ्या चौकटीवरून तळवा फिरवतात आणि म्हणतात, "वाच गं, काय म्हनतोय माजा फळा?" तमन्ना वाचते, ते मान डोलावतात. ही आमची रोजची भेट. त्यांचा हात फिरला की मला माझा जन्मदिवस आठवतो.

तमन्नाचे वडील फैयाज हायवेवरच्या अपघातात गेले. तेव्हापासून मिस्त्री नातीला सायकलवरसुद्धा हायवे ओलांडू देत नसत. आणि इकडे तमन्नाच्या मनाने घेतलेलं भलतंच. दूध संस्थेने सकाळच्या फेरीला दुसरा टेम्पो घ्यायचं ठरवलं होतं. जो वेळेवर नेईल, त्याला काम. आपल्या आईचं दूध नासतं, गावाचं नासतं, तर तो टेम्पो आपणच चालवावा, असं तिने ठरवलं. मिरजगावला ड्रायव्हिंगचा क्लास लावला. नानांना लायसन हातात ठेवूनच सांगायचं, तेही स्वतःच्या तोंडाने, म्हणजे त्यांना भ्यायला वेळच मिळणार नाही, असा तिचा बेत. कर्जतला परीक्षा होती दुसऱ्याच दिवशी. एवढा एक दिवस निभावला की झालं.

आणि त्या दुपारी भागवतने माझ्यावर लिहिलं: 'इब्राहिम मिस्त्रींची नात रोज दुपारी मिरजगावला छोट्या टेम्पोत कुणाला खेटून बसते? डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तो कोण? नाव उद्या. जागल्या.'

कानिफनाथने हायवेवर पाहिलेलं एवढंच होतं. क्लासची पाटी लावलेला टेम्पो, आत तमन्ना आणि शेजारी डोक्याला टॉवेल बांधलेलं कुणीतरी. दुसऱ्या टेम्पोचं काम आपल्या हातून जाईल, ही भीती त्याने मंडळालाही सांगितली नाही. क्लासच्या पाटीबद्दल तर अवाक्षर नाही. बघा, लपवायचं नाही म्हणणाऱ्यांतही लपवालपवी! मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर चुकीची गणितं लिहिली गेली, शिक्षकांची व्यंगचित्रं काढली गेली, पण लाज अशी कधी वाटली नव्हती. मला वाटलं, आत्ता वावटळ यावी आणि मला खिळ्यावरून उडवून न्यावं. वावटळ आली नाही. संध्याकाळ आली.

रांग लागली. जो तो वाचून आपल्या किटलीत बघू लागला. मुमताज आली, वाचलं, तिचा चेहरा पडला. तिला क्लासचं ठाऊक होतं. ती वळून लेकीला सांगणार, तोवर तमन्नाच्या खांद्यावर हात ठेवून मिस्त्री आलेच. त्यांनी माझ्या चौकटीवरून तळवा फिरवला.

"वाच गं, काय म्हनतोय माजा फळा?"

तमन्नाने वर बघितलं. मी तिचे डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकताना पाहिले.  तिला काहीही वाचता आलं असतं. पाणी उद्या येणार नाही, म्हणाली असती तरी नानांना कुठं दिसत होतं? रांगेतल्या एकानेही तिचं बिंग फोडलं नसतं. वैजनाथने तर मानेने तशी खूणही केली.

"गप का झालीस? काय वाईट हाय का?" मिस्त्री म्हणाले.

तमन्नाने जे लिहिलं होतं ते सगळं वाचलं. एक अक्षर गाळलं नाही, आवाज खाली आणला नाही. अगदी 'तो कोण'सुद्धा वाचलं. शेवटी म्हणाली, "नाना, ती मीच. मी गाडी शिकतीय. उद्या परीक्षा हाय कर्जतला. तुमाला लायसन दाखवूनच सांगनार हुते."

मिस्त्रींचा हात माझ्या चौकटीवर तसाच राहिला. बोटांनी त्यांनी चौकट घट्ट दाबून धरली. तो दाब मलाच कळत होता, दुसऱ्या कुणाला नाही.

"आनि संगं कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू, नाना? माजं हुतं ते मी सांगितलं. दुसऱ्याचं हाय, ते ज्याचं त्यानं सांगावं."

तेवढ्यात मागून भागवत पुढे आला. त्याला वाटलं, आता रंग भरतोय. "न्हाई न्हाई, असं कसं?" तो मोठ्याने म्हणाला. "गावाला कळलंच पायजे. गावापासून काय लपवायचं न्हाई! सांग नाव. कोन हाय तो टॉवेलवाला?"

"मी हाय टॉवेलवाला," रांगेतून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. किटली खाली ठेवून रतनबाई पुढे आल्या. भागवतची आई! धुळीसाठी डोक्याला बांधलेला टॉवेल अजून तसाच होता. "मीच असते रोज तमन्नाच्या संगं. मी पन शिकतीय. माजी बी उद्या परीक्षा हाय. ह्यो भागवत दर गुरुवारी म्हनतो, आये, तुला शिर्डीला नेतो. त्याचा गुरुवार काय उजाडंना. म्हनलं, आपनच शिकावं आनि आपनच जावं. साईबाबा काय त्याचीच वाट बघत बसल्यात व्हय?"

हशा पिकला. पण भागवत हसत नव्हता. त्याचा चेहरा खडूसारखा झाला. तो तरातरा सूर्यभानच्या खिडकीकडे गेला, आत हात घातला, रिकाम्या बाटल्यांच्या मागून फडकं ओढून काढलं आणि मला पुसायला लागला. "चला चला, दूध घाला. घरातली गोष्ट हाय ही, तिची चारचौघांत चर्चा कशाला?"

अर्धी ओळ पुसून झाली आणि त्याच्या ध्यानात आलं, की रांग एकदम शांत झालीय. दोन वर्षं गाव जे फडकं शोधत होतं, ते न शोधता त्याच्या हाताला कसं सापडलं?

"भागवत," वैजनाथ कलप लावलेल्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "फडक्याची जागा लई पाठ हाय रं तुला!"

"मला... ते सूर्यभाननं ठिवलं हुतं!"

"तूच सांगितलंस ठिवायला!" खिडकीतून सूर्यभान ओरडला. "आनि टॉवेलवाल्याची बातमी मी कुटं आनली? कानिफनं आनली!"

"बेलभंडार उचलला हुता ना रं आपन? नावं सांगायची न्हाईत म्हनून!" कानिफनाथने डोक्याला हात लावला, आणि असं म्हणताना आपणही शपथ मोडली, हे त्याला जरा उशिराच कळलं. मित्रांनो, एवढी जपलेली गुपितं दुधाची एक किटली रिकामी व्हायच्या आत सांडली. मी भिंतीवर हसून हसून खिळ्यासकट हललो! मुमताजने तेवढ्यात कानिफनाथला गाठलं. "माजं टेम्पोचं लिवलेलं कुनी पुसलं रं? वाऱ्यानं?" 

रतनबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी भागवतच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याची डावी बाही धरून सगळ्यांसमोर वर केली. बाहीवर खडूचा पांढरा पट्टा होता.

"ह्यो खडू दोन वर्सं मी धुतीय," त्या म्हणाल्या. "पैल्या दिवसापासनं ठावं हाय मला जागल्या कोन. पाइपाचं लिवलंस तवा मी देवाफुडं साखर ठिवली हुती, भागवत. माजं लेकरू जागं राहतंय म्हनून. पन कुनाला बोलले का? एकाला तरी? पोराचं हाय, त्यानं सवताच्या तोंडानं सांगावं, म्हनून वाट बघितली. आनि तू? हिला एक दिस बी दिला न्हाईस."

 भागवत बाही न सोडवता तसाच उभा राहिला. मग त्याने तमन्नाकडे बघितलं आणि म्हणाला, "चुकलं माजं." तेवढंच. पण ते त्याने नाटक न करता म्हटलेलं पहिलं वाक्य होतं, आणि मला त्याचं बरं वाटलं. वर्गात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिता आलं, तेव्हा तो असाच उभा राहिला होता.

आता सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. खरी गाठ तिथंच होती. तमन्नाने तर डोळेच मिटले होते. मिस्त्री माझ्याकडे तोंड करून उभे होते, जसं काही मीच त्यांना काही सांगणार होतो. मी काय सांगणार? मी मनातल्या मनात म्हटलं, मिस्त्री, तुम्ही मला घडवलंत, शेकोटीतून वाचवलंत, आता हिला हो म्हणा. मिस्त्रींनी डोळे पुसले.

"तमन्ना," ते म्हणाले, "क्लचला पाय पुचतो का गं?"

तमन्नाने डोळे उघडले. "पुचतो, नाना. पन... सीटवर बसलं की फुडचा रस्ता नीट दिसत न्हाई. मान लांब करावी लागती."

"मग ते गाडी चालवनं न्हवं, अंदाजपंचे दाहोदरसे झालं!" मिस्त्री म्हणाले. "फैयाज गेल्यापासनं मला हायवेचं भ्या वाटतं. ते भ्या माजं हाय, ते मी सांभाळीन. तुजी उंची मी वाढवतो. मुमताज, माळ्यावरनं लिंबाचा तुकडा काढ. आनि हिला दूध घालू दे आदी, फॅट कमी लागंल न्हाईतर!"

त्यानंतर रांगेत जी बडबड सुरू झाली! बायका तासभर हलल्या नाहीत. सूर्यभान फॅट काढायचं विसरून गेला आणि कुणी त्याला रागावलंही नाही. कितीतरी दिवसांनी मला माझ्या गावाचा आवाज ऐकू आला. लांबून मिस्त्रींच्या ओट्यावरून रंधा चालल्याचाही आवाज येत होता. डोळे अधू, पण लाकडाला त्यांची बोटं अजून ओळखतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या दुधाला हॉर्न वाजवत क्लासचा टेम्पो आला. स्टिअरिंगवर तमन्ना, परीक्षा पास होऊन ताठ मानेने, आणि तिच्याखाली माझा भाऊ! मिस्त्रींनी त्याचा चांगला रुंद पाट केला होता, वर काथ्याची गादीही बांधली होती. मला तो ओळखीच्या रंगावरूनच कळला. आता सकाळच्या फेरीचा टेम्पो तमन्ना चालवते. दूध नासत नाही आणि माझा भाऊ रोज मिरजगाव बघून येतो. त्याचा मला हेवा वाटतो, पण तो संध्याकाळी माझ्यासमोरच थांबतो, तेवढ्यावर मी समाधान मानतो. चुरशीने का होईना, कानिफनाथही आता वेळेवर येतो.

आणि रतनबाई? त्याच दिवशी त्या टेम्पोतून उतरल्या, कुणाशी न बोलता माझ्यापाशी आल्या, डब्यातला खडू उचलला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी नापास झाले. गाडी मागं घेताना खांबाला लागली. परत देणार आहे. रतनबाई.' मग मागे वळून म्हणाल्या, "घ्या. आता काय फोडायचं ते फोडा."

मित्रांनो, कुणी काय फोडणार? टाळ्याच पडल्या.

फडकं आता दोरीने माझ्या चौकटीला बांधलेलं आहे, ज्याला पुसायचं असेल त्याने सगळ्यांसमोर पुसावं. लिहिणाऱ्याने खाली आपलं नाव लिहायचं, एवढी एक गोष्ट ग्रामसभेने वाढवली. त्याने लिहिणं कमी झालं नाही हं! परवाच टाकीच्या गळतीचं भागवतने लिहिलं, खाली धडधडीत नाव टाकून, आणि टाकी दुरुस्त झाली. केसांच्या कलपाचं मात्र आता कुणी लिहीत नाही. गावाचं आहे ते लपवू नये आणि ज्याचं आहे ते त्याच्या आधी बोलू नये, हे माझ्यासारख्या लाकडालाही कळलं, तर तुम्हाला का नाही कळणार?

तुमच्या शाळेमागे, पडवीत, सरपणावर माझ्यासारखा एखादा पडला असेल, तर त्याला उचला. थोडं तेल लावा, सेलची पूड घासा, हात काळे झाले तर होऊ द्या. त्याला चार माणसांत टांगा. आणि त्याच्यावर काही लिहायच्या आधी एकदा बघा, की खाली स्वतःचं नाव लिहायला आपला हात धजतोय का. धजत असेल तर खुशाल लिहा. आम्ही फळे सगळं सोसतो.

आज माझ्यावर काय आहे, ते वाचून दाखवतो. वर रतनबाईंचं अक्षर: 'पास झाले. गुरुवारी शिर्डीला जाते. गाडी मी चालवणार. भागवत भीत भीत का होईना, शेजारी बसायला तयार झाला आहे. रतनबाई.' आणि त्याखाली दुसऱ्या हाताची, मागून बाहीने पुसट होत गेलेली एकच ओळ आहे: 'भीत नाही. भागवत.'

संध्याकाळी मिस्त्री आले की तमन्ना ती त्यांना वाचून दाखवेल. मी वाट बघतोय, ते किती मोठ्याने हसतात त्याची.